पाणी कोण?

मास्तरकी सुटून आठ वर्षं झाली, पण खेळ बनवायची खोड काही सुटली नव्हती. पाढ्यांचे खेळ, नकाशाचे खेळ, चिंचोक्यांचे खेळ असे कितीतरी मी वर्गात बनवले आणि पोरांनी ते मुकाट्यानं सहन केले. शेवटचा बनवला तो मात्र मोठ्या माणसांसाठी, भंडारदऱ्याच्या एका भाड्याच्या बंगल्यात. त्यानंतर मी कागदाला कात्री लावलेली नाही.

काष्टीच्या बाजारापासून आमचं गाव जवळच. गावच्या दूध संस्थेत अकरा संचालक, त्यातलाच मी एक. चेअरमनची निवड मंगळवारी दुपारी होती. सहा जण आमच्याकडे, पाच तिकडे. सहाच्या सहा टिकले तर सविता चेअरमन होणार होती. सविता चार म्हशी सांभाळणारी बाई, आणि दोन वर्षं ती एकच गोष्ट मागत होती: मळ्याच्या वस्तीवर दुसरं दूध संकलन केंद्र. तिथल्या बायका पहाटे डोक्यावर किटल्या घेऊन अडीच किलोमीटर चालत येतात, आणि उन्हाळ्यात वाटेतच दूध नासलं तर घरी जाऊन बोलणी खातात. तिकडच्या पाचांना त्यात काही राम वाटत नव्हता.

निवड म्हटली की सहल आलीच. आमच्या सहांतलेच पुढारी रंगनाथराव यांनी शनिवारी आम्हाला क्रूझर गाडीत भरलं आणि थेट धरणाकाठी आणून ठेवलं. घरी सांगायचं देवदर्शनाला चाललो. घरचेही मान डोलावतात, कारण कोणता देव ते त्यांना माहीत असतं. सगळ्यांचे मोबाईल एका स्टीलच्या किटलीत घालून ती रंगनाथरावांच्या खाटेखाली गेली. त्यांचा स्वतःचा मोबाईल अर्थातच त्यांच्या खिशात राहिला.

रविवारी दुपारपर्यंत माणसं कंटाळली. अमृत आणि कानिफनाथ हे चुलतभाऊ पत्त्यांवरून भांडायला लागले. तेव्हा मी म्हणालो, थांबा, मी एक खेळ बनवतो. पुण्याच्या नातवानं मला एक खेळ शिकवला होता: सगळ्यांनी डोळे मिटायचे, लपलेल्या खुन्यानं एकेकाला मारायचं, आणि उरलेल्यांनी तो कोण ते ओळखायचं. पण गाई-म्हशींच्या माणसांना खून कशाला? मी पाच चिठ्ठ्या कापल्या. चारांवर लिहिलं दूध, एकीवर पाणी. मी खेळवणारा. डोळे मिटले की पाण्यानं गुपचूप एकाकडे बोट दाखवायचं, मी जाहीर करायचं की ह्याचं दूध नासलं, आणि तो बाद. मग बाकीच्यांनी वाद घालून पाणी कोण ते ठरवायचं.

खेळ असा रंगला की चहा गार झाला. हनुमंतसुद्धा हसला, आणि हनुमंतला हसवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. तो माझा पहिलीपासूनचा मित्र. सगळा गाव मला गुरुजी म्हणतो, तो एकटाच गोरख म्हणायचा. एकदा पाण्याची चिठ्ठी त्याला आली, तर डोळे उघडल्या उघडल्या त्याचे कान लाल झाले आणि अर्ध्या मिनिटात तो सापडला. ह्या माणसाला खोटं वागता येत नाही, हे आम्हा सगळ्यांना तिथंच कळायला हवं होतं.

सोमवारी सकाळी रंगनाथरावांनी मला बाजूला घेतलं. त्यांना निरोप आला होता: तुमच्यातला एक फुटला आहे. कोण ते कळत नव्हतं. ते म्हणाले, गुरुजी, तुमच्या खेळातून काढता येईल का बघा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या खेळाला कामाचं समजलं होतं. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागं, तसा मी चिठ्ठ्या कापायला बसलो.

नवा डाव मी असा रचला की पाचही चिठ्ठ्यांवर दूधच. पाणी कुणीच नाही. कुणाचं नासलं ते मीच मनानं सांगणार. माझा हिशेब असा की मनात काही नाही तो निवांत राहील, आणि खरोखर फुटलेला असेल तो दुसऱ्याकडे बोट दाखवायची घाई करील. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसत होतं. रंगनाथरावांनाही मी त्यातलं काही सांगितलं नाही.

डोळे मिटले, उघडले, आणि सविताचं दूध नासलं असं मी जाहीर केलं. मग एकच गलका. घाई सगळ्यांनाच झाली, फक्त हनुमंत गप्प बसला होता. म्हणून सगळी बोटं त्याच्याकडे वळली. रंगनाथराव तर खेळ विसरून त्याला निरखायला लागले. कानिफनाथ म्हणाला, "ह्योच हाय. डेअरीवरनं दूध परत गेल्तं न्हवं का ह्याचं, पान्यापायी."

बारा वर्षांपूर्वीची ती गोष्ट. संस्थेत लॅक्टोमीटरनं हनुमंतचं दूध पातळ दाखवलं आणि भर रांगेत त्याची किटली परत केली. पंधरा दिवसांनी कळलं की लॅक्टोमीटरच खराब होता. आम्ही संचालकांनी गुपचूप नवा आणला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून गावात कुणी बोललं नाही. मीही नाही.

आत्ता तरी बोलायचं होतं. पण डाव ऐन रंगात होता आणि मला शेवट बघायचा होता. मला माझी लाज वाटते ती इथं. हनुमंतच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. त्यानं आपली चिठ्ठी उलटी केली: दूध. मग एकेकानं उलटली. सगळी दूध.

आता सारवासारव करायला मी तोंड उघडलं, आणि जे बारा वर्षं बोललो नव्हतो तेही त्याच झपाट्यात बोलून गेलो. म्हणालो, पाणी नव्हतंच, आजही नव्हतं आणि तेव्हाही नव्हतं, लॅक्टोमीटर खराब होता. मला वाटलं त्याला बरं वाटेल.

हनुमंत माझ्याकडे वळला. "बारा वरसं तुला ठावं हुतं, गोरख?"

पुढं दिवसभर तो धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसला. सविता त्याच्यासाठी ताट घेऊन गेली, तेवढं त्यानं खाल्लं.

मंगळवारी पहाटे निघालो. संगमनेरला चहाला गाडी थांबली तर हनुमंत पिशवी घेऊन उतरला आणि एसटी स्टँडकडे चालायला लागला. सविता मागं धावली. मी हात जोडले. तो तिलाच म्हणाला, "बाई, तुमच्या इरुद्ध न्हाई मी. पन आज मत फुटलं तर नाव माझंच लागनार. पानी मी घालनार न्हाई, पन दूध बी घालनार न्हाई." आणि तो गेला.

निवडीला दहा जण हजर. मतं पाच-पाच. नियमाप्रमाणं निवडणूक अधिकाऱ्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, डब्यात घालून हलवल्या आणि शिपायाला एक उचलायला सांगितली. तिकडच्या माणसाचं नाव निघालं. सविताचं नाव असलेली दुसरी चिठ्ठी टेबलावर तशीच पडून होती. तिनं ती घडी करून पदराच्या गाठीत बांधली आणि रजिस्टरवर सही केली. नंतर कळलं की फुटल्याचा तो निरोप तिकडच्यांनीच सोडला होता. आमच्यातलं कुणी फुटलेलं नव्हतं.

वस्तीवरच्या बायका अजून चालत येतात. मी माझ्या दोन गाईंचं दूध घेऊन रोज रांगेत असतो. हनुमंतही येतो. मोजणाऱ्या पोरीला तो थांबवतो, लॅक्टोमीटर स्वतःच्या किटलीत सोडायला लावतो आणि आकडा मोठ्यानं वाचायला सांगतो. मग मला हाक मारतो.

"गुरुजी," तो म्हणतो, "तुमी बी एकदा बघून घ्या."