डब्याला बंदी

माझ्या शेतातल्या माळ्यावरचा डबा काढून न्यायला मास्तर स्वतः आले, तेव्हा मी वरच बसले होते. खाली न उतरताच विचारलं, "डब्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

"काकू, काल बैठकीत ठरलंय," मास्तर म्हणाले. "आजपासून गावात एकच डबा वाजणार, टेकाडावरचा. विमान दिसलं की तो वाजेल, आणि तो वाजला की सगळ्यांनी ओढ्याकडच्या चरात उतरायचं. बाकी कुणी काही वाजवायचं नाही. पत्रा नाही, घंटा नाही, ताटसुद्धा नाही."

"आणि पाखरं?"

"पाखरांचं काय?"

"त्यांना कळवलंय का बैठकीतलं?"

मास्तर भला माणूस. शाळेतल्या पोरांना आवरतो, पण मोठ्या माणसांपुढं त्याच्या मानेला घाम येतो. तो मान पुसत उभा राहिला. शेवटी मीच तारेतून डबा सोडवला आणि खाली टाकला. त्याच्या पायाशी पडला तेव्हा असा खणकन वाजला की पलीकडच्या शेतातली माझी धाकटी जाऊ मटकन खाली बसली आणि तिनं डोक्यावर टोपली घेतली.

"ऊठ गं," मी म्हटलं. "मास्तरांचं विमान पडलंय."

आमची ज्वारी तेव्हा नुकती दुधात आली होती. हे पंधरा-वीस दिवस जो पाखरं राखील त्याच्या घरात वर्षाचं धान्य येतं. जो राखत नाही त्याच्या शेतात नुसती पिसारलेली कणसं उभी राहतात आणि वाऱ्यावर हलतात. शेताच्या मधोमध चार खांबांवर फळ्या टाकून केलेला माळा, हातात गोफण आणि बाजूला तेलाचा रिकामा डबा. लग्न होऊन आले त्या सालापासून मी हेच करत आले. गोफणीनं एकेक ठिकाण सांभाळता येतं. पण थवा उतरला की डबाच पाहिजे. डब्याच्या आवाजानं अख्खा थवा एकदम उठतो, जशी कुणी चादर झटकावी.

लढाईचं म्हणाल तर ती आधी गिरणीवाल्याच्या रेडिओत होती. तिथं ती बरी होती. दळण टाकायचं, थोडी ऐकायची, चुकचुकायचं आणि पीठ घेऊन घरी यायचं. मग ती सरकायला लागली. आज अमक्या शहरापाशी, परवा तमक्या नदीच्या अलीकडं. ज्या गावांची नावं आम्ही जन्मात ऐकली नव्हती ती आम्हाला पाठ झाली. आणि एक दिवस रेडिओनं असं नाव घेतलं की ते ऐकून कासार म्हणाला, तिथं तर माझी बहीण दिलीय. त्या दिवसापासून माणसं बिघडली. गिरणीचं इंजिन सुरू झालं की सगळे वर बघायचे, मग एकमेकांकडं बघायचे, आणि आपण वर बघितलंच नाही असं दाखवायचे. लोहारानं घण मारायचं सोडलं. बोलता बोलता माणूस मध्येच थांबायचा, कान द्यायचा आणि पुन्हा बोलायला लागायचा, पण दुसरंच काहीतरी.

मी हसायचे सगळ्यांना. माझं तोंड असं आहे की गावात मला मागं तोफ म्हणतात, मला ठाऊक आहे. पण आमटीत दोनदा मीठ माझ्याच हातून पडलं आणि सुनेच्या नावावर खपवलं मी.

सून तर आधीच मुकी झाली होती. माझा मुलगा डोंगराकडच्या रस्त्याच्या कामावर. महिन्यापूर्वी एका ट्रकवाल्याकडून त्याचा निरोप आला होता, बरा आहे, कापणीला येतो. त्यानंतर काही नाही. तेव्हापासून ही बाई हं आणि उंहूं एवढ्यावर घर चालवायची. दाराआड एक गाठोडं बांधून ठेवलं होतं तिनं. झाडताना ते उचलायची, झाडून झालं की पुन्हा तिथंच ठेवायची.

"कुठं निघालीस?" मी रोज विचारायचे. "माहेरी का सासरी? सासर तर इथंच आहे बाई, मी अजून मेले नाही."

ती कडेवरच्या पोरीला दुसऱ्या कडेवर घ्यायची आणि चुलीकडं वळायची. गाठोड्यात काय आहे ते मी कधी विचारलं नाही. असतील तिची चार लुगडी आणि दागिने, असं मनात धरून चालले.

टेकाडावर पहारा कुणाला द्यायचा म्हणून शोध झाला आणि तो मान आमच्या म्हाताऱ्याला मिळाला. म्हातारा म्हणजे माझा नवरा. गुडघे गेलेत, ऐकायला कमी येतं, पण नजर घारीची. दोन कोसांवरची बैलगाडी कुणाची ते सांगतो. मास्तरांनी त्याला झाडाखाली बसवलं, फांदीला डबा टांगला, हातात लोखंडी सळई दिली. माझाच डबा होता तो. म्हातारा इतका फुगला की घरी आल्यावर माझ्याशीसुद्धा जपून बोलायला लागला, जसं काही सरकारी गुपित त्याच्या खिशात आहे.

"काय दिसलं?" मी विचारायचे.

"सांगता येत नाही," म्हणायचा.

इकडं डबे बंद झाले आणि पाखरांना ते दोन दिवसांत कळलं. आधी लांबून घिरट्या घालायची, मग बांधावरच्या झाडावर बसायची, मग सरळ अंगणात उतरल्यासारखी कणसावर. मी गोफण चालवून चालवून खांदा उतरवून घेतला. या कोपऱ्यातून उठवली की त्या कोपऱ्यात. चिंध्या बांधल्या, काळं मडकं काठीवर उलटं घातलं. एक चिमणी त्या मडक्यावर बसून चोच पुसताना मी बघितली. पाचव्या दिवशी टेकाडाकडचा कोपरा पांढरा पडला, नुसता कोंडा. मी एक कणीस हातात घेतलं तर ते हवेसारखं हलकं. वर्षाची भाकरी माझ्या डोळ्यांदेखत उडून चालली होती आणि मी तोंड मिटून बघायचं, का, तर जी लढाई अजून आली नाही तिचा डबा ऐकू यायला हवा.

सहाव्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं होते आणि टेकाडावरचा डबा वाजला.

आता जे झालं ते मी खरं सांगणार आहे, कारण बघणारे पुष्कळ होते. डबा वाजला आणि मी उठले आणि पळाले. माझे गुडघे दुखतात, उंबरा ओलांडताना मी रोज देवाचं नाव घेते, पण त्या दिवशी मी अंगणातल्या शेळीवरून उडी मारली. ओढ्याकडच्या चरात सगळ्या गावाच्या आधी मी होते. हातात उलथनं. खाली मातीत बसल्यावर भान आलं की घरात सून आहे, नात आहे, आणि मी त्यांच्याकडं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

मग बाकीचे येऊन पडायला लागले. जाऊ एका पायात चप्पल घालून, गिरणीवाला पिठानं पांढरा, कासार कोंबडी छातीशी धरून. मास्तर पोरांना मोजत होते आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता. सून सगळ्यांत शेवटी आली. कडेवर पोर, डोक्यावर गाठोडं. माझ्याशेजारी उतरली आणि उतरताना गाठोडं सुटलं.

आत पोरीची दोन झबली होती. माझी शाल होती. माझी गुडघ्याला लावायची तेलाची बाटली होती, चिंधीत गुंडाळून. माझा जुना चष्मा होता, जो मी दोन आठवडे शोधत होते आणि जो हरवला म्हणून तिलाच बोलले होते. तिचं स्वतःचं म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या उलथन्याकडं बघितलं आणि गाठोडं पुन्हा बांधलं. मी उलथनं पदराआड घेतलं.

अर्धा तास झाला. आभाळ स्वच्छ. मग टेकाडावरून काठी टेकत टेकत म्हातारा खाली आला आणि चराच्या कडेला उभा राहून सगळ्यांकडं बघत म्हणाला, "इथं काय करताय सगळे?"

"विमान कुठंय?" मास्तर खालूनच ओरडले.

"कसलं विमान? पाखरं पडली होती आमच्या कोपऱ्यात. केवढा थवा. हाणला डबा, उठवली."

चाळीस वर्षं थवा दिसला की त्याचा हात डब्याकडं जातो, तो बिचारा सळई हातात धरून दुसरं काय करणार? मग कासाराच्या कोंबडीनं आवाज काढला आणि जाऊ हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मास्तर तेवढे हसले नाहीत.

"काका, हा पोरखेळ नाही. उद्यापासून टेकाडावर दुसरं कुणीतरी बसेल."

म्हातारा खाली बघायला लागला. त्याच्या खिशातली गुपितं गेली. मला त्याचा राग यायला हवा होता, पण राग आला तो मास्तरांचाच. मी चरातून वर आले, कुणाचा हात न धरता.

"मास्तर, डब्याला बंदी आहे, मान्य. तोंडाला आहे का?"

"म्हणजे?"

"बैठकीत तोंडाचं काही ठरलं का?"

"काकू, तुमच्या तोंडाचं कोण काय ठरवणार?" गिरणीवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटायला मी माळ्यावर चढले. पहिला थवा आला तसा मी घसा मोकळा केला. पाखरांच्या आईबापांपासून सुरुवात केली. भिकारड्यांनो, फुकटखाऊंनो, कुणी बोलावलं होतं, नांगर धरायला कुठं गेला होतात, तुमच्या चोचीला कीड लागो. डब्याइतका नाही, पण थवा हलला. उठला आणि जावेच्या शेतात जाऊन बसला.

जाऊ तिच्या माळ्यावर उभी राहिली. "जाऊबाई, माझ्याकडं हाकलताय होय?"

"तुलाही तोंड दिलंय देवानं. माझ्याशी भांडताना तर चांगलं चालतं."

तिनं तोंड उघडलं. मग पाखरं तिच्याकडून कासाराच्या बायकोकडं गेली, तिथून लोहाराच्या वहिनीकडं. दुपारपर्यंत शिवारात जिकडंतिकडं बाया उभ्या राहून शिव्या देत होत्या. महिनाभर जे घशात अडकलं होतं ते सगळं पाखरांवर निघत होतं. मध्येच बातम्याही सुटायच्या. कुणाची गाय व्याली, कुणाच्या पोरीला ताप आहे, रेडिओवर काय म्हणाले, या माळ्यावरून त्या माळ्यावर. त्या संध्याकाळी मला भूक लागली. पुष्कळ दिवसांनी लागली.

मास्तर आलेच. "काकू, एवढा कालवा केलात तर टेकाडावरचा डबा ऐकू कसा येईल?"

"डबा कशाला ऐकायचा? पाखरं राखणारी बाई दिवसभर बघते कुठं? आभाळाकडं. तुमच्या टेकाडावर एक माणूस आणि दोन डोळे. इथं चौदा माळे आहेत. तुमचं विमान चिमणीएवढं असताना दिसेल आम्हाला. दिसलं की पदर हलवू. एकीनं हलवला की सगळ्या हलवतील."

मास्तरांनी माळे मोजले. मग मान पुसली. "आणि काका?"

"काकांची नजर चौदा जणींना भारी आहे. त्यांना त्यांच्या जागेवर बसवा. हातात सळई नको, लाल गोधडी द्या."

म्हातारा परत टेकाडावर गेला. त्या दिवसापासून मला सगळी गुपितं सांगायला लागला. एकही नव्हतं.

पांढऱ्या पडलेल्या कोपऱ्यालगतचं उरलेलं पीक मात्र माझ्या माळ्यावरून सांभाळलं जाईना. तिथं मी एक मोडकी बैलगाडी उभी करवली आणि सुनेला म्हटलं, तू चढ. पोर माझ्याकडं दे.

"मला ओरडता येत नाही, आई," ती म्हणाली. पुरं वाक्य. मी मोजलं नाही, पण महिन्यातलं पहिलं असावं.

"मग नुसती उभी राहा. बुजगावणं म्हणून तरी चालशील."

ती चढली. तीन दिवस नुसती हात वर करायची, ह्या ह्या करायची, कोंबड्या हाकलल्यासारखी. पाखरं तिला ओळखायला लागली.

चौथ्या दिवशी ऊन वर आलं होतं. डोंगराच्या पलीकडून आवाज आला. ढगाचा नव्हे, ढग नव्हतेच. कुणीतरी फार लांब, मोठ्या उखळात काहीतरी कुटत असावं तसा. धप्प. थोड्या वेळानं पुन्हा, आणि मग लागोपाठ. माझ्या मांडीवर नात होती, तिनं माझं बोट घट्ट धरलं. म्हातारा टेकाडावर उभा होता, हातात गोधडी, पण काय करावं ते त्याला कळत नव्हतं, कारण आभाळात काही नव्हतं.

शिवार गप्प झालं. चौदा माळे, आणि एकीच्याही तोंडातून शब्द नाही. मीसुद्धा गप्प. आवाज ज्या बाजूनं येत होता त्याच बाजूला माझा मुलगा होता. त्या गप्पपणात पाखरं आली. सावकाश, काही घाई नसल्यासारखी, थवेच्या थवे सगळ्या शेतांत उतरले आणि टिपायला लागले. दाणा फुटल्याचा आवाज ऐकू येत होता. वर्षाची भाकरी, आणि मला हात उचलवेना.

तेव्हा कोपऱ्यातून ओरड आली.

असा आवाज त्या बाईच्या अंगात आहे हे मला सहा वर्षांत कळलं नव्हतं. बैलगाडीवर ताठ उभी होती, दोन्ही मुठी वर, तोंड डोंगराकडं. "चालते व्हा," म्हणत होती. "आमचं आहे हे. माणूस येणार आहे कापणीला, तो काय खाईल? निघा, मेल्यांनो. दिवसभर टकटक टकटक, उठल्यापासून झोपेपर्यंत, याला चोच मार, त्याला चोच मार. सहा वर्षं ऐकून घेतलं. मीठ तुम्ही सांडायचं आणि नाव माझं. डोक्यावर बसलीये नुसती म्हातारी साळुंकी, ना उडत, ना गप्प बसत."

तिच्या कोपऱ्यातला थवा उठला. मग जावेनं हाक दिली, मग कासाराच्या बायकोनं. पलीकडं धप्प धप्प चालूच होतं. शिवारभर पाखरं वर आली, काळीभोर, आणि ओढ्यापलीकडं वळली.

जाऊ तिच्या माळ्यावरून माझ्याकडं बघत होती. चेहरा असा की कधी एकदा गावात जाऊन सांगते.

"जाऊबाई, ऐकलंत का, काय म्हणतेय ती?"

"पाखरांना म्हणतेय," मी म्हटलं, आणि गोफणीत खडा भरला.