आमी काय मागत नाय हो!

दुपारच्या गिऱ्हाइकाची वेळ झाली होती आणि मथुरेचे दोन्ही हात तांदळाच्या पिठात होते. चौक गावात जुन्या हायवेवरच्या ढाब्याला ती रोज भाकऱ्या थापून देते. नवरा लडकू पलीकडेच पंक्चरचं दुकान चालवतो. फोन वाजला तसा धाकट्या आरोहीने तो स्पीकरवर टाकून आईपुढे धरला. पोशीरहून थोरल्या लेकीच्या, हर्षलाच्या, सासूबाई बोलत होत्या, सोनुबाई.

"विहीणबाय, यंदा गौर पूर्वा नक्षत्रात येते हाय. म्हंजे हर्षलाचा ओवसा यंदाच."

"हो तर! आमी सुपं सांगून पन ठेवली."

"किती?"

"पाच. रीतीपरमानं."

सोनुबाई म्हणाल्या, "पाच व्हय? बरं. आता पाच कोन करतं ते जाऊ द्या. आमच्या जावेच्या सुनंच्या ओवशाला टेंपो आला, टेंपो! सुपासुपात साडी, वर भांडी, जावयाला अंगठी. आमी काय मागत नाय हो! तुमच्याच लेकीची हौस म्हनून सांगते. चार बायकांत तिला खाली बघायला नको."

ज्यांना ओवसा ठाऊक नसेल त्यांना सांगायला हवं. गौर पूर्वा नक्षत्रात येते त्या वर्षी नव्या सुनेने माहेरहून आलेल्या सुपांत पानं, फळं, शेतात पिकलेलं भरायचं, ती सुपं गौरीपुढे ओवाळायची आणि मग एकेक सूप घरच्या मोठ्यांच्या हाती द्यायचं. ज्याने सूप घेतलं, त्याने सुनेला काहीतरी द्यायचं. इतकी साधी, गोड रीत! तिच्यात हा टेंपो कोणी घुसवला? आणि भाषा तरी बघा. हुंडा मागणं गुन्हा आहे, म्हणून हल्ली कोणी मागत नाही. नुसती हौस सांगतात. हौस म्हणे तुमच्या लेकीची, आणि मिरवणार कोण? ही मंडळी! अशा गोडगोड बोलण्याची मला भयंकर चीड आहे.

लडकू चहाला घरी आला तेव्हा मथुरेने सगळं सांगितलं. तो नुसता कपाटाकडे बघत राहिला. कपाटात आरोहीच्या फीचे पैसे होते. पोरीचा नर्सिंगला पनवेलला नंबर लागला होता आणि फी भरायची मुदत गणपतीनंतर लगेच संपणार होती. ढाब्याच्या भाकऱ्यांतून आणि पंक्चरांतून साठवलेले ते पैसे होते.

शेवटी आरोहीच म्हणाली, "पप्पा, ताईचा ओवसा होऊ दे झोकात. मी पुढच्या साली जाईन. नर्सिंग काय पळून जातं?"

हसली, आणि मोरीवर भांडी घासायला गेली. भांडी थोडीच होती, पण नळ बराच वेळ चालू होता.

गणपती बसायच्या आधी हर्षलाने बहिणीला फोन लावला. "काय गं नर्सबाय, पांढरे बूट घेतलेस का?"

"आधी तुझा ओवसा होऊ दे गं. बुटाचं काय एवढं."

"तुझ्या बुटाचा न् माझ्या ओवशाचा काय संबंध?" हर्षलाने विचारलं. "आरोही, खरं बोल हां!"

मग सगळं बाहेर पडलं. हर्षलाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिने तिथल्या तिथे वडिलांना फोन केला.

"पप्पा, टेंपो इथं दारात आला तर मी तसाच परत लावीन. फी भरा आधी."

"बाय, तुला तिथं नांदायचं हाय," लडकू कळवळून म्हणाला.

"नांदायचंय म्हनूनच बोलते. आज माज्यापायी तुमी खाली वाकलात, तर मी जन्मभर मान वर करू कशी?"

नवरा रूपेश साजगावच्या कारखान्यातून आला, तसं तिने त्यालाही ऐकवलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "अगं, पन आईला कोन सांगनार?"

"तू नको सांगू. तू फक्त अंगठीची वाट बघू नको."

रूपेशचे कान लाल झाले. अंगठीचं तो मित्रांत बोलून बसला होता, बिचारा!

गौरीच्या दिवशी घर बायकांनी भरून गेलं. हर्षलाने वेताची पाच सुपं गौरीपुढे मांडली. भोपळ्याच्या पानांवर शेतातले तांदूळ, बांधावरची काकडी, पडवळ, केळी, नारळ. सगळं तिने स्वतः जमवलेलं. सोनुबाईंचा चेहरा पडला. त्यांची धाकटी जाऊ दाराकडे बघून हसली. "काय गं, टेंपो मागनं येतो काय?"

"टेंपो नाय येत, काकी," हर्षला म्हणाली. "मीच येऊ दिला नाय. त्यात माज्या बहिनीची फी भरून येनार व्हती."

सोनुबाई म्हणाल्या, "भावकीत माजं नाक कापलंस गं! गौरीच्या दिवशी!"

"आई, गौर पन आज माहेरालाच आलीया. तिच्या आईबापाला आपन कुनी इचारतो का, पोरीसंगं काय पाठवलं म्हनून?" हर्षलाने पहिलं सूप उचललं आणि भावकीत सगळ्यांत मोठ्या ठकी आजीसमोर धरलं.

ठकी आजीने ते दोन्ही हातांनी घेतलं. "घेतलं बाय. आता मी देऊ काय? माज्याकडं काय हाय?"

"शब्द द्या, आजी. तुमच्या घरात सून आली की तिच्या माहेराकडं ओवशाचं काय सांगायचं नाय. मागायचं नाय, आन् हौस पन सांगायची नाय."

"दिला," आजी म्हणाली. "माज्या ओवशाच्या पायी माजा भाव मला दुरावला. पुना कदी न्यायला आला नाय बघ." आणि म्हातारी पदराने डोळे पुसू लागली.

पुढच्या दोघींनी शब्द दिला. एकीने मनापासून, एकीने सगळे बघतायत म्हणून. धाकट्या जावेने सूप घेतलंच नाही, तोंड फिरवून निघून गेली. ते सूप हर्षलाने गौरीपुढेच ठेवलं. शेवटचं राहिलं सासूचं. सोनुबाई हात पुढे करीनात.

तेव्हा नणंद जागृती पुढे आली. तिचं लग्न ठरलं होतं, उन्हाळ्यात बार उडायचा होता. "आई, घे ना गं. माजा ओवसा येईल तवा तू काय इकशील? ते आत्ताच सांग."

सोनुबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग सूप घेतलं. शब्द मात्र दिला नाही.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी त्या आपणहून म्हणाल्या, "मी आपलं नुसतं सांगितलं व्हतं गं. मागितलं नव्हतं."

"मागितलं असतंत तर त्यांना नाय म्हनता आलं असतं, आई," हर्षला म्हणाली. "मागितलं नाय, म्हनून तर त्यांना नाय म्हनायची पन सोय राहिली नाय."

सोनुबाईंनी चुलीत लाकूड सारलं. तो शब्द अजून यायचा आहे, आणि हर्षला तो घेतल्याशिवाय राहणार नाही. आरोही मात्र पांढरे बूट घालून पनवेलला जाऊ लागली.

आता सण तोंडावर आले आहेत. तुमच्या घरातून सुनेच्या माहेरी फोन जाईलच. तो लावण्याआधी एवढंच आठवा, पलीकडे कुणाची तरी धाकटी लेक तो स्पीकरवर ऐकत उभी असेल.