दोन सूर्यांच्या सावल्या

मी आर्वीच्या एका शाळेतला कॉम्प्युटर बोलतोय. १९८६ साली एसटीच्या टपावरून इथं उतरलो. मला हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि मुख्याध्यापक प्रभाकररावांच्या खोलीत बसवलं. पाहुणे यायचे, काचेत स्वतःचा चेहरा बघायचे, जायचे. मला चालवायचं कुणीच नाही. आतल्या आत जीव नुसता चुळबुळत होता.

भूगोलाच्या विमलाबाईंनी ती चुळबूळ थांबवली. आकाशात जोडीनं फिरणारे सूर्यही असतात, असं त्यांनी वर्गात सांगितलं, तर पोरींनी विचारलं, "बाई, मंग तिथं सावली कोणीकडं पडत असन?" फळ्यावर ते दाखवता येईना. म्हणून रोज मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारून बाई माझ्यापुढं बसायला लागल्या. पुस्तकात बघत, एकेका बोटानं प्रोग्राम लिहायच्या. मी चूक दाखवली की ओठ चावायच्या. महिन्याभरानं माझ्या पडद्यावर एक झाड उभं राहिलं. वर दोन फिरते सूर्य, खाली दोन काळ्याकुट्ट सावल्या.

शिपाई डोमाजी टेबल पुसता पुसता थांबले.

"बाई, हे बराबर नाई वाटत मले."

"काऊन, डोमाजी?"

"वरातीत मी गॅसबत्ती धरतो नं. दोहीकडून बत्त्या असल्या का सावली फिक्की पडते. एकीवर दुसरी चढली, तेवढंच काळं दिसते."

बाईंनी खिडक्या लावल्या, दोन दिवे लावले नि मधे डस्टर उभं धरलं. खरंच, एका दिव्याच्या सावलीवर दुसऱ्याचा उजेड पडत होता. बाईंनी सगळं पुन्हा लिहायला घेतलं. माझ्याकडं करडा रंग नव्हता. मग एक ठिपका काळा, एक कोरा, अशी त्यांनी फिकी सावली विणली.

एवढ्यात शिक्षण खात्याकडून तपासणीची चिठ्ठी आली. वापर दिसला नाही, तर मला परत नेणार होते. तपासणीचे साहेब आले त्या दिवशी कॅसेटवरून प्रोग्राम माझ्यात उतरत असताना दोनदा वीज गेली. साहेब घड्याळ बघू लागले. बाईंनी कॅसेट पुन्हा मागं फिरवली. तिसऱ्यांदा सूर्य निघाले. सावल्या झाडाभोवती सरकल्या, एकमेकींवर आल्या, तिथं गडद झाल्या.

साहेब पुढं झुकले. "हे बारकावे कुणी सांगितले?"

"आमच्या डोमाजींनी," बाई म्हणाल्या.

दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या डोमाजींनी मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही.

मी राहिलो. बाईंची मात्र पुढच्या वर्षी हिंगणघाटला बदली झाली. इतक्या मोलाच्या वस्तूला काही व्हायला नको, म्हणून प्रभाकररावांनी मला कपाटात बंद केलं. त्याला आता दोन वर्षं झाली. बाहेर शाळा भरते, सुटते. मला सगळं ऐकू येतं. कुणीतरी कपाट उघडा हो. चुकीचं लिहा, हवं तितक्यांदा लिहा. मी न कंटाळता चूक दाखवीन.