लांडग्यासाठी सजवलेली गाडी

रियाधपासून काही तासांवर, वाळवंटातल्या बुरैद्या शहराच्या बाहेर, अबू उसामांच्या खजुराच्या बागेत, मागच्या कुंपणाला टेकून एक पिकअप उभी आहे. तिच्या हौद्यात कोंबड्या झोपतात आणि स्टिअरिंगवर सकाळी कोंबडा चढून बसतो. मित्रांनो, ती जुनी गाडी मी. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण कोंबड्याने थोडी तरी अदब ठेवावी, कारण एके काळी या सगळ्या मुलखात माझ्यासारखी सजवलेली गाडी दुसरी नव्हती.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला आणि जहाजातून मी इथे आले. पहिली सहा वर्षं खजुराचे खोके, मेंढ्यांचा चारा आणि पाण्याची पिंपं वाहण्यात गेली. मी कधी कुरकुरले नाही. कुरकुरल्या त्या माझ्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्या, पण त्यांचा तो धर्मच आहे.

माझं नशीब पालटलं ते १९९०च्या हिवाळ्याच्या तोंडावर. त्या वर्षी शेजारचं कुवेत गिळलं गेलं होतं, सगळीकडे लढाईचं बोलणं होतं आणि अबू उसामांचा एकुलता मुलगा उसामा फौजेबरोबर सरहद्दीवर गेला होता. त्यातच एक लांडगा त्यांच्या मेंढ्यांच्या मागे लागला. मेंढ्यांचा वाडा बागेपासून ऐंशी किलोमीटर आत, वाळूत होता. आठवड्याला एक-दोन मेंढ्या जायच्या. म्हाताऱ्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, रात्री गाडी हाकणं त्यांना जमत नव्हतं, आणि मुलाच्या काळजीने झोप तर उडालेलीच होती. माझ्या मते तो लांडगा त्यांनी उगाच मनावर घेतला नव्हता. सरहद्दीवरच्या शत्रूला ते काही करू शकत नव्हते. लांडग्याला करू शकत होते.

बागेतले पंप आणि गाड्या सांभाळायला बदरुद्दीन नावाचा मेकॅनिक होता. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा माणूस, चाळिशीचा, हाडकुळा, कामात चोख. तो माझ्याशी मराठीत बोलायचा, म्हणून तर मी आज तुमच्याशी मराठीत बोलते आहे. लढाईची हूल उठल्यापासून त्याच्या ओळखीतले बहुतेक कोकणी लोक घरी परतत होते. त्यालाही जायचं होतं. गावी बायको खैरुन्निसा होती, मुलगी सुहाना होती. पण पासपोर्ट अबू उसामांच्या कपाटात होता, आणि मालकाची सही असल्याशिवाय देशाबाहेर जाता येत नसे.

"लांडगा मारू दे. मग तुझा परतीचा कागद सही करतो, खलास," अबू उसामा म्हणाले. "रात्रीच्या शिकारीतलं तुला काही कळतं?"

"कळतं. आमच्याकडं रानडुकरं असतात. भातात शिरली की एका रात्रीत शेत साफ."

"डुकरं?" म्हाताऱ्याने भुवया वर नेल्या. "तुम्ही डुकरांची शिकार करता?"

"खात नाय, बाबा. राखण करतो. मेलं तर गावातले दुसरे लोक घेऊन जातात."

अबू उसामा त्या दिवशी बऱ्याच आठवड्यांनी हसले, आणि मला बदरुद्दीनच्या हवाली केलं.

मग माझं जे काही कौतुक झालं, ते लग्नघरातल्या नवरीचंही होत नसेल. बदरुद्दीनने माझ्या पाट्या वाढवून मला उंच केलं. वाळूसाठी रुंद टायर बसवले. गुरगुर कमी व्हावी म्हणून सायलेन्सर बदलला. हौद्यात पाठीला टेक असलेला बाक ठोकला. दुसरी बॅटरी बसवून टपावर एक मोठा दिवा लावला, आणि आतून मुठीने फिरवता येईल असा केला. त्याच्या काचेवर त्याने लाल काच चढवली. "डुकराला लाल उजेड नीट दिसत नाय, तो बुजत नाय," तो मला सांगत होता. "लांडग्याचं काय ते बघू." टपावर लाल दिव्याची गाडी त्या मुलखात मी एकटीच. आजूबाजूच्या बागांतले लोक मला बघायला यायचे, आणि मी धूळ खातानासुद्धा ऐटीत उभी राहायचे.

शेवटी बंदुकांची पाळी आली. अबू उसामांकडे दोन रायफली होत्या, अगदी जुळ्या. एक माझ्यासाठी आणि एक वाड्यावरच्या कादिरसाठी. कादिर बिहारकडचा, अबोल, मेंढ्यांमध्ये राहून राहून त्यांच्यासारखाच शांत झालेला. बदरुद्दीनने माझ्या सीटमागे चामड्याचा एक खोल खण शिवला आणि त्यात रायफल उभी केली, तोंड खाली. तशीच चामड्याची एक पिशवी कादिरच्या झोपडीत दाराशी लावली. बदरुद्दीनच्या बापाने त्याला तेच शिकवलं होतं. कोकणात बंदूक तोंड वर करून ठेवली तर पावसाचं पाणी नळीत जातं, आणि खारं वारं लोखंडाला आठ दिवसांत गंज चढवतं. म्हणून नळी खाली आणि तेल सढळ हाताने. दर शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी तो खणात उभ्या रायफलीलाच वरून आत-बाहेर तेल पाजायचा. कादिरला त्याने तेलाची बाटली दिली आणि बजावलं, "रोज़ तेल देना, मुँह नीचे रखना." कादिरने मान हलवली. तो सांगितलेलं काम विसरणारा माणूस नव्हता.

मित्रांनो, हे सगळं प्रेमाने चाललं होतं, आणि तिथेच सगळं चुकत होतं. मला वाळूची सवय होती, मला कळायला हवं होतं. पण कौतुक चाललेलं असताना कोण तोंड उघडतं?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री आम्हाला लांडगा सापडला. लाल उजेडात तो शंभर पावलांवर उभा होता, बारीक, राखी, बुजलेला अजिबात नाही. बदरुद्दीनने मला थांबवलं. हौद्यात अबू उसामांनी रायफल खांद्याला लावली, चाप ओढला, आणि काहीच झालं नाही. त्यांनी काडतूस भरायचा खटका मागे ओढायचा प्रयत्न केला, तो अडकला. लांडग्याने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि तो सावकाश चालत गेला. ते सावकाश चालणं म्हाताऱ्याला फार लागलं.

"काडतुसं जुनी आहेत," एवढंच ते बोलले. रायफल त्यांनी खणात खुपसली आणि तिला कोणी हात लावायचा नाही असं सांगितलं.

बदरुद्दीनचा चेहरा उतरला होता. लांडगा जिवंत, म्हणजे कागदावर सही नाही. पंधरा जानेवारीपर्यंत लढाई टळली नाही तर ती होणारच, असं रेडिओ रोज सांगत होता. एकदा ती सुरू झाली की विमानं बंद होतील, हे लहान मुलालाही कळत होतं.

पण तीनच दिवसांनी सरहद्दीवरून उसामाचा फोन आला. मुलगा बापाला काय बोलला हे मला पूर्ण माहीत नाही. अबू उसामा माझ्या बॉनेटला टेकून बदरुद्दीनला म्हणाले, "उसामा विचारतो, त्याच्या मेजरने त्याला असं अडवून ठेवलं तर मला कसं वाटेल." त्यांनी कागदावर सही केली आणि पासपोर्ट त्याच्या हातात दिला. बदरुद्दीनने तो खिशात ठेवला. मग त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

विमान तेरा तारखेचं होतं, रियाधहून, रात्री आठचं. बुरैद्याच्या इस्पितळात एक्स-रे काढणारा चारुदत्त नावाचा त्याचा मित्र होता. चारुदत्तची बायको वासंती त्याच विमानाने जाणार होती. तो दुपारी बारा वाजता गाडी घेऊन येणार, असं ठरलं.

त्या सकाळी बदरुद्दीन लवकर उठला. पेटी बांधून झाली होती. निघण्याआधी त्याने मला धुतलं, आणि मग जाताजाता म्हाताऱ्याची रायफल तरी नीट करून द्यावी म्हणून त्याने ती खणातून काढली. खटका उघडताना कचकच आवाज आला. त्याच्या बोटांना काळा, जाड चिखल लागला. तेलाने दोन महिने धूळ धरून धरून त्याचा लगदा केला होता. त्याने नळीत लोखंडी गज घातला. तो टोकाशी अडला. जोर दिला तेव्हा खालून वाळूचा घट्ट गोळा बाहेर पडला. माझ्या सीटमागे साठणारी वाळू, खाली तोंड केलेल्या तेलकट नळीने आपली आपणच भरून घेतली होती.

तो गोळा हातात घेऊन तो माझ्या पायरीवर बसला. त्या रात्री खटका अडकला नसता तर नळी म्हाताऱ्याच्या तोंडावर फुटली असती. मग त्याच्या लक्षात दुसरी गोष्ट आली, आणि तो ताडकन उठला. वाड्यावर दुसरी रायफल होती. तिलाही तेच तेल, तीच पिशवी, आणि माझ्या सीटमागे होती त्याच्या दसपट वाळू. कादिर तिथे एकटा होता, आणि लांडगा वाड्यात शिरला की गोळी घाल, असं त्याला सांगितलेलं होतं. वाड्यावर फोन नव्हता.

अबू उसामा म्हणाले, "उद्या शहरातून एखादा माणूस मिळतो का पाहतो."

"उद्यापर्यंत रात्र आहे ना, बाबा. तो रोज रात्रीच येतो."

म्हाताऱ्यांनी मोतीबिंदूच्या डोळ्यावर हात ठेवला. वाळूतली वाट त्यांना दिवसासुद्धा नीट दिसत नव्हती. बागेतले इतर कामगार कधीच निघून गेले होते.

तेवढ्यात चारुदत्त वासंतीला घेऊन आला. सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "बदरूभाई, विमान म्हणजे काय आपली एसटी आहे, हात दाखवला की थांबायला? मंगळवारी पंधरा तारीख, त्यानंतर काय होईल देव जाणे. घरची वाट बघतायत."

"माहीत हाय."

"मग? दुसऱ्याचा एवढा विचार करताना स्वतःच्या पोरीचा करा."

"दुसऱ्याचा नाय, भाऊ. चूक माझ्या हातची हाय. ती तिथं त्याच्या हातात देऊन मी इथून कसा जाऊ?" त्याने पेटी उचलून चारुदत्तच्या गाडीत ठेवली. "वहिनी, ही तेवढी घरी पोचती करा. खैरूला सांगा, मी येतो."

वासंतीने खिडकीतून पेटीवर हात ठेवला आणि मान हलवली. ती रडत होती. आणि खरं सांगते, माझ्याही इंजिनाला पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागला.

तीन तास आम्ही वाळू तुडवली. वाड्याच्या टेकाडावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि सूर्य नेमका आमच्या पाठीमागे होता. खाली झोपडीपाशी कादिर उभा होता. त्याला आमची फक्त काळी सावली दिसत असणार. रेडिओवर दिवसभर लढाईच्या बातम्या, आणि या वेळी या वाटेने कोणी येत नाही. त्याने पिशवीतून रायफल उपसली आणि आमच्यावर रोखली.

बदरुद्दीनने ब्रेक दाबला, दार उघडून ओरडला. वारा आमच्याकडे होता, त्याचा आवाज मागेच उडून गेला. कादिरचं बोट चापावर होतं, हे मला इतक्या लांबून दिसत होतं. मग बदरुद्दीन परत आत झेपावला आणि त्याने टपावरचा दिवा लावला. दिवसाउजेडी तो लाल उजेड किती तो असणार? पण मी दोन्ही बॅटऱ्यांतलं होतं नव्हतं ते त्यात ओतलं. लाल दिव्याची गाडी एकच. कादिरने नळी खाली केली.

बदरुद्दीन धावत गेला, त्याच्या हातून रायफल घेतली, काडतूस काढलं आणि नळीत गज घातला. वाळू पडतच राहिली, ओंजळभर. कादिर तिच्याकडे बघत होता.

"मैं तो रोज़ तेल देता था, भाई," तो अपराध्यासारखा म्हणाला. "जैसा आपने बताया था."

"हाँ. जैसा मैंने बताया था." बदरुद्दीन खाली बसला आणि त्याला रडू आवरेना. कादिरने त्याला पाणी दिलं, आणि मग दोघांनी मिळून कोरड्या फडक्याने ती रायफल पुसून काढली.

विमान गेलं. चार दिवसांनी लढाई लागली आणि रात्री आभाळ विमानांनी गरजू लागलं. अबू उसामांनी पासपोर्ट परत मागितला नाही. उलट ते बदरुद्दीनला रोज रात्री घरात जेवायला बोलावू लागले, आणि दोघं रेडिओसमोर बसून उसामाची आणि खैरुन्निसाची काळजी एकत्र करू लागले. लांडगा कधी मेला नाही. तो दुसरीकडे गेला असावा.

मार्चमध्ये खैरुन्निसाचं पत्र आलं. सुहानाने लिहून दिलेलं. बदरुद्दीनने ते माझ्या सीटवर बसून मोठ्याने वाचलं: "पेटी पोचली. तुम्ही आला नाहीत म्हणून चार दिवस मी कुणाशी बोलले नाही. मग वासंतीताईंनी सगळं सांगितलं. त्या कादिरचीही कुणीतरी असेलच ना. आता सावकाश या, पण या." एप्रिलमध्ये तो गेला. उसामा सरहद्दीवरून सुखरूप परतला होता, त्यानेच त्याला माझ्यातून विमानतळावर सोडलं.

त्यानंतर नवी गाडी आली. माझा दिवा, बाक, रुंद टायर एक एक करून निघाले. मला दुःख झालं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. म्हातारपणी सगळ्यांनाच जागा रिकामी करावी लागते, पण कोंबड्यांसाठी करावी लागेल असं मला वाटलं नव्हतं.

तरी एक मागणं मागते, मित्रांनो. वस्तूची निगा राखा, पण ती कुठे राहते, कशात वावरते हे आधी बघा. समुद्राकाठी जे औषध ते वाळूत विष होतं. आणि आपली चूक आपल्या हातून दुसऱ्याच्या हातात गेली असेल, तर तिच्या मागे जा. उशीर होईल, नुकसान होईल, तरी जा.

दर ईदला कादिर बागेत येतो. नव्या कामगारांना माझ्यापाशी आणतो आणि त्या दिवसाची गोष्ट सांगतो. एरवी अबोल माणूस, पण तेव्हा हात हलवून हलवून सांगतो. मी दरवेळी मोजते. दहाही बोटं शाबूत आहेत, आणि दोन्ही डोळे हसत असतात.