कपारीचं तोंड

"मुडद्या, कुणाला इचारून फोडलंस रं हे?"

जत्रेच्या सकाळी, पणदऱ्यामागच्या टेकडीवर, म्हाळसाबाईनं चारचौघांत पोराला धारेवर धरलं. समोर बिरोबाची कपार होती. म्हणजे होती तशी राहिलीच नव्हती. मेंढरानंसुद्धा मान घालून शिरावं, एवढंसं तिचं तोंड. लहान-थोर कुणीही येवो, रांगतच आत जायचं, ही बापजाद्यांची रीत. आता तिथं दोन माणसं शेजारी-शेजारी उभ्यानं जातील असं दार, खाली चकचकीत फरशी, आत ट्यूबलाइट.

"आये, तुझ्यासाठीच केलं की!" जत्रा कमिटीचा अध्यक्ष असलेला दादासो रडकुंडीला आला. "दरसाल आत शिरताना वरडायचीस, गुडघं मोडलं, बिरोबा, तुला दुसरी जागा घावली न्हाय का म्हून. चार म्हैनं वर्गणी गोळा केली, मग ब्रेकर लावला."

म्हातारीनं गुडघ्यांवरनं हात फिरवला. खोटं नव्हतं ते. पंचेचाळीस वर्षं ती ओरडतच शिरली होती. मेंढरं होती तेव्हा ओरडली, मेंढरं विकून ऊस लावला तेव्हाही ओरडली, नवरा गेला त्या साली तर देवाला शिव्या घालतच शिरली. गुडघे सोलपटून निघायचे, मग आतल्या काळोखात गार दगडाला कपाळ टेकलं की भडभडून यायचं. वर्षाचं तेवढंच रडणं. आता हे पोराला सांगायचं तरी कसं? ती आणखीच चिडली.

"जावा की वैनी, झ्याक केलंय," मागनं शेजारची भामाबाई म्हणाली. रांग खोळंबली होती.

म्हातारी चालत आत गेली. उभ्यानंच हात जोडले. काही म्हणता काही झालं नाही. बँकेत उभं राहिल्यागत वाटलं. तशीच तरातरा बाहेर आली, पदर खोचला आणि त्या एवढ्या मोठ्या दारात गुडघ्यांवर बसली.

"आये, ऊठ! लोकं बघत्यात!"

"बघूंदेत."

ती रांगायला लागली. फरशीवर गुडघे सटकत होते. "मेले गं बया! बिरोबा, तुझ्या पायी हाडं मोडली माझी!" तिला उठवायला वाकलेला दादासो तोल जाऊन तिच्याशेजारी गुडघ्यांवरच आला.

कपारीच्या तोंडावरचा जुना दगड जिथं होता, तिथं म्हातारीनं सवयीनं मान खाली घातली.

"डोस्कं संबाळ रं," ती म्हणाली.

वर नुसती मोकळी जागा होती. दादासोनं मुकाट मान खाली घातली.