तुंगेची शेवटची पानं

दोन वाजले, सव्वादोन झाले, तरी ओसरीवर कुणी आलं नाही. अंबूताईंनी दोन चटया अंथरल्या होत्या, पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता आणि मांडीवर कादंबरी उघडून चष्माही चढवला होता. मागच्या गल्लीतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"आज पण तिकडंच गेल्यात वाटतं सगळ्या," भावजय आतून म्हणाली. "त्या वकिलांच्या घरी. पुण्याहून नवी कादंबरी आलीय म्हणून म्हणत होती विमल."

"जाऊ देत की. मला काय करायचंय?"

करायचं पुष्कळ होतं. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेल्यावर अंबूताई धारवाडला मालमड्डीत भावाकडे आल्या, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली होती. वाती वळायला, पापड लाटायला, बाळंतिणीजवळ झोपायला घरात कुणीतरी लागतं, तशा त्या होत्या. पण दुपारी दोन ते चार या वेळात त्या अंबूताई असत. भाऊ, भीमसेनमास्तर, वाचनालयाचे सभासद होते. तिथली नवी कादंबरी आधी वकिलांकडे जाई, मग मामलेदारांकडे, मग कॉलेजातल्या प्रोफेसरांकडे. मास्तरांच्या वाट्याला येईतो सहा महिने उलटलेले असत आणि पानापानांत कुणाकुणाची तपकीर सांडलेली असे. ऐकणाऱ्या बायकांची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. निम्म्या बायका कानडी घरातल्या. म्हणून अंबूताई एक पान मराठीत वाचत आणि तेच लगेच कन्नडात सांगत. शेवटचं प्रकरण आलं की मात्र वाचन बंद. एव्हाना सगळ्यांचे पदर डोळ्यांना लागलेले असत. मग त्या पुस्तक मिटून मांडीवर ठेवत आणि शेवट सरळ कन्नडातच सांगून टाकत. हा रिवाज कसा पडला कुणास ठाऊक, पण सगळ्यांना तोच आवडायचा.

आणि आता ही शकुंतला आली होती. प्रभंजन वकिलांची नवी बायको, वय फार तर वीस. हिचा भाऊ पुण्याहून कादंबरी पोस्टानं पाठवायचा, छापखान्याचा वास अजून गेलेला नसे अशी. ही खुर्चीत बसून वाचायची म्हणे. खलनायकाचा आवाज वेगळा काढायची, सासूचा वेगळा. वर वेलदोडा घालून चहा. कानडी बायकांनाही इतक्या वर्षांत ऐकून ऐकून मराठी कळू लागलं होतं. अंबूताईंचा नुसता जळफळाट झाला. पोस्टमन गल्लीत दिसला की त्यांच्या पोटात दुखू लागे. पार्सल कुठंतरी मिरजेलाच राहावं, असं त्यांनी एकदा देवापुढं बसून मनात आणलं आणि मग स्वतःचीच लाज वाटून दोन वाती जास्त वळल्या.

महिनाभर कळ काढून शेवटी एका गुरुवारी त्या स्वतःच तिकडं गेल्या. चुका काढायला गेल्या होत्या. एकही सापडली नाही. पोरगी खरोखरच सुरेख वाचत होती, घाई नाही, अडखळणं नाही. आणि तेच त्यांना सर्वांत जास्त लागलं. लक्ष्मीबाईसुद्धा तिथं होत्या. इतकी वर्षं अंबूताईंच्या अगदी पुढ्यात बसणाऱ्या लक्ष्मीबाई, इथं तिच्या पुढ्यात.

वाचन झाल्यावर अंबूताई म्हणाल्या, "छान वाचतेस. पण नवीन काय, कोणपण वाचेल. पुढं काय म्हणून माणसं ऐकतातच. ऐकलेलं वाचून रडवलं पाहिजे. तुंगेची गोष्ट वाच की."

"अय्य, तुंगेची!" विमल म्हणाली. "सहा वर्षं झाली अक्का, पण तो सासरा शाळेत येतो ना, ते आठवलं की अजून रडू येतंय बघा."

"मी नाही वाचलेली," शकुंतला म्हणाली. "तुम्ही आणून द्याल? मला आवडेल."

लक्ष्मीबाई मधेच म्हणाल्या, "जुनं कशाला आता? ह्येच पुढचं होऊ दे की." पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मास्तरांनी पुस्तक आणून दिलं. सोमवारी वाचन सुरू झालं आणि शुक्रवारी शेवटच्या प्रकरणाशी आलं. अंबूताई धुवट लुगडं नेसून सर्वांत पुढं बसल्या होत्या. गोष्ट साऱ्यांना पाठ होती. तुंगा पंधराव्या वर्षी विधवा होते, सासरा तिला घराबाहेर काढतो, ती नदीच्या घाटावर येऊन बसते. तिथं तिला शाळा चालवणारी एक बाई भेटते, आपल्या गावी नेते, शिकवते. तुंगा मास्तरीण होते. आणि एक दिवस तोच सासरा, म्हातारा झालेला, नातीला पाटी देऊन तिच्याच शाळेच्या दारात उभा राहतो आणि मान खाली घालून विचारतो, माझ्या नातीला घेता का? त्या एका वाक्यावर अंबूताईंनी साऱ्या गल्लीला रडवलं होतं. तिथं ही पोर कमी पडणार, अशी त्यांची बालंबाल खात्री होती. त्या वाक्याला आवाज काढून भागत नाही. ते हळू म्हणावं लागतं.

शकुंतला वाचत होती. तुंगा घाटावर आली. पायरीवर बसली. कुणी भेटलं नाही. ती उठली, एकेक पायरी उतरली. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. शकुंतलेचा आवाज बारीक झाला. सकाळी घाटाला लागलेलं फक्त तुंगेचं लुगडं सापडलं. शकुंतलेनं पान उलटलं आणि मिटल्यासारखं पुस्तक खाली धरलं.

"संपलं," ती म्हणाली.

"संपलं कसं?" अंबूताई म्हणाल्या. "शाळा कुठाय? पानं फाटली असतील. वाचनालयाची पुस्तकं ती. आकडे बघ."

शकुंतलेनं बोट ठेवून आकडे पाहिले. दोनशे अकरा, दोनशे बारा, दोनशे तेरा. खाली 'समाप्त' असं छापलेलं होतं. "सगळी आहेत हो, अंबूताई."

अंबूताईंच्या तोंडचं पाणी पळालं. कारण आता त्यांना आठवलं. सहा वर्षांपूर्वी हीच पानं त्यांच्या मांडीवर उघडी होती. पुढं लक्ष्मीबाईंची सुमती बसली होती, नवरा जाऊन दोन महिने झालेली, सोळा वर्षांची, आठ दिवस धड न जेवलेली. अंबूताईंनी छापलेल्या ओळी डोळ्यांनी वाचल्या, पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आणि कन्नडात भलतंच सांगितलं. पुढं बायकांनी पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. सांगता सांगता शाळा खरी झाली आणि घाट पुसून गेला. आज सकाळपर्यंत त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की तो सासरा छापलेला आहे.

"म्हणजे अक्का, तुम्ही आम्हाला मनचंच सांगत होता काय?" विमल हसत म्हणाली. "मग त्या दुसऱ्या कादंबरीतलं ते लग्न? ते तरी झालं होतं का?"

दोघीतिघी हसल्या. वाईट हसणं नव्हतं, पण अंबूताईंच्या कानशिलापर्यंत आग गेली. महिनाभर त्यांना एवढंच हवं होतं, की सगळ्यांनी त्या पोरीकडं नाही, आपल्याकडं बघावं. आता सगळ्या बघत होत्या. दुपारचे ते दोन तास त्यांनी स्वतःच्या हातानं गमावले होते.

शकुंतला तर गोंधळूनच गेली होती. "मी वाचायलाच नको होतं का?" ती म्हणाली.

"तू काय करणार? छापलंय ते वाचलीस," लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्या उठल्या आणि अंबूताईंच्या शेजारी चटईवर येऊन बसल्या. मग हळू, कन्नडात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सुमतीला ठाऊक आहे, अक्का. ट्रेनिंगला गेल्यावर मराठी शिकली ना ती. तिथं तिनं हे पुस्तक स्वतः वाचलं."

अंबूताईंनी वर पाहिलं. सुमती आता बेळगावला मुलींच्या शाळेत शिकवत होती.

"कधी?"

"चार वर्षं झाली. सुट्टीला आली होती तेव्हा मला सांगितलं. म्हणाली, अव्वा, अक्कांना सांगू नको. त्यांना वाईट वाटेल."

अंबूताईंना सहा वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. त्या रात्री सुमती जेवायला बसली होती, एवढं लक्ष्मीबाईंनी तेव्हा येऊन सांगितलं होतं. ते का, हे कधी सांगितलं नव्हतं. आणि खरा शेवट कळल्यावरही चार वर्षं ही बाई रोज दुपारी येऊन पुढ्यात बसत होती. किती शेवट तिनं मान डोलवत ऐकले होते, आणि एकदाही पुस्तकाकडे पाहिलं नव्हतं.

आता कुणी हसत नव्हतं. विमल चटईची काडी उसकटत बसली होती. शकुंतलेनं पुस्तक खाली ठेवलं, खुर्चीवरून उठली आणि काय करावं हे न सुचून तशीच उभी राहिली.

"सुमतीचं पत्र आलं होतं?" अंबूताईंनी विचारलं.

"परवाच. तिच्या वर्गात एकतीस मुली झाल्यात म्हणून लिहिलीय."

"एकतीस," अंबूताई म्हणाल्या, आणि चष्मा नव्हता तरी डोळ्यांपाशी हात नेऊन त्यांनी तो नीट केल्यासारखं केलं.