आमच्या भोकावर कोण बसतं?

टॅमरॅक तळ्यावर व्हर्लिन हाउगेनएवढा नियमांना चिकटलेला माणूस दुसरा नव्हता, आणि त्याचा त्रास सगळ्यांत जास्त गेलेन टोफ्टेनं सोसला होता. हिवाळ्यात बर्फावर दोघांचं मिळून एक लाकडी खोपटं असे. गिरमिटानं बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा, शेगडी पेटवायची आणि तोंड मिटून बसायचं. माणशी सहा वॉलआय मासे, ही दिवसाची कायदेशीर मर्यादा, झाले की व्हर्लिन गळ गुंडाळायचा. सातवा मासा स्वतःहून उडी मारून मांडीवर आला असता तरी त्यानं तो परत पाण्यात सोडला असता. गावातल्या पोरांना मासेमारीचे नियम त्यानंच वर्षानुवर्षं शिकवले होते. चोरून मासे मारणाऱ्याबद्दल वन्यजीव खात्याला फोन करताना तो सोयरासुद्धा बघत नसे. स्वतःच्या मेव्हण्याला त्यानं असंच पकडून दिलं होतं, आणि ते घराणं अजून त्याच्याशी बोलत नव्हतं.

फेब्रुवारीत एका सकाळी तो खोपट्याच्या दारातच थबकला.

"गेलेन, इकडे ये. हे भोक बघ. रात्रभरात वीतभर बर्फ धरायला हवा होता, आणि ही नुसती साय आलीय. काल आपण गेल्यावर कुणीतरी बसलंय इथं."

गेलेननं वाकून पाहिलं. खरंच पातळ होतं. बादलीतल्या, गळाला लावायच्या मासोळ्याही कमी झाल्या होत्या.

"असेल कुणी गारठलेला. बसला असेल घटकाभर."

"घटकाभर? अरे, बादली अर्धी केलीय त्यानं! आपल्याच खोपट्यात बसून आपल्या माघारी मासे उचलतोय कुणी, आणि तू त्याला शेगडी पेटवून देशील!"

व्हर्लिननं तिथूनच खात्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. अधिकारी म्हणून आली ती डीना लिंडस्ट्रम, त्याचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं सगळं ऐकून घेतलं. "सर, मला एवढ्या सगळ्या तळ्यांवर फिरायचंय. तुम्ही लांबून लक्ष ठेवा. अंगावर जाऊ नका. कुणी दिसलं तर मला फोन करा."

लक्ष ठेवायचं काम गेलेनच्या गळ्यात पडलं. दुपारची झोप त्याला देवाहून प्रिय होती. तरी दुसऱ्या दिवशी, सकाळचे मासे घरी साफ करून ठेवल्यावर, तो दुर्बीण घेऊन काठावरच्या झाडीआड आपल्या पिकअपमध्ये कुरकुरत बसला.

ऊन कलताना एक गाडी आली. व्हर्लिनची. गेलेनला हसू आलं. याला माझा भरवसा नाही, आला स्वतः पहाऱ्याला. पण व्हर्लिननं गाडीतून घसरगाडी उतरवली, गिरमीट उतरवलं, बादली घेतली आणि सरळ खोपट्यात शिरला. थोड्या वेळानं दार उघडलं. एक वॉलआय बाहेर बर्फावर पडला. मग दुसरा. मग तिसरा.

गेलेननं दुर्बीण पुसली. सकाळीच तर दोघांचे सहा-सहा झाले होते. मग हे काय? चोर स्वतःच पोलिसाला फोन करतो होय? की मला मूर्ख बनवायला हे सगळं नाटक? इतकी वर्षं हा असाच होता का? मेव्हण्याला पकडून देणारा? गेलेनला राग आला. मग रागाचीच लाज वाटली. मग कशाचाच काही मेळ लागेना. गाडी सुरू करून गुपचूप घरी जावं असं त्याला फार वाटलं. पण व्हर्लिनच पोरांना सांगायचा, माणसाचं तोंड बघू नका, मासे बघा. गेलेननं फोन लावला.

"डीना, मी काय बघतोय ते मलाच कळत नाही. तू ये."

डीना आली, आणि दोघं बर्फावरून चालत खोपट्यात शिरली. व्हर्लिन खूश झाला.

"आलात? बरं झालं. चोर अजून फिरकला नाही. गेलेन, किती उशीर रे! वाट बघून मी एकटाच निघालो. आणि कॉफी कुठाय?"

डीनानं टोपी काढली. "सर, सकाळचे मासे कुठे आहेत?"

"हे काय, बाहेर पडलेत ते. सकाळपासून एवढेच." त्यानं खिडकीतून पाहिलं. पलीकडच्या झाडांच्या शेंड्यांवर मावळतीचा तांबूस उजेड होता. "आज उजाडायला फार वेळ लागतोय."

गेलेननं डीनाकडे पाहिलं. आपण मित्रावर चोरीचा संशय घेतला याचं त्याला वाईट वाटलं, पण चोरीच असती तर किती बरं झालं असतं, असंही वाटलं.

व्हर्लिन एकाकडून दुसऱ्याकडे बघू लागला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा बावरला. "काय झालं? सापडला का कुणी? कोण आहे?"

डीनानं तोंड उघडलं. तिला खोटं बोलता येणार नव्हतं, तिला शिकवलं होतं त्यानंच. या माणसाला आता तूच चोर म्हणून सांगायचं? उद्या तो सगळं विसरेल कदाचित, पण आजची रात्र त्याला काढायचीच होती. गेलेननं पुढचामागचा विचार केला नाही.

"मीच रे," तो म्हणाला. "दुपारी मीच येऊन बसायचो."

व्हर्लिननं हातातला गळ खाली टाकला.

"तू? माझ्याबरोबर बसून? माझ्या शेगडीवर हात शेकून?" त्याचा आवाज फाटला. "डीना, याचा परवाना काढून घे. मित्रबित्र काही नाही!"

गेलेननं पाकिटातून परवाना काढून दिला. डीनानं तो घेऊन खिशात ठेवला.

व्हर्लिन तरातरा बाहेर पडला आणि चालू लागला, काठाकडे नाही, तळ्याच्या मध्याकडे. तिकडे तळाशी झरे आहेत, बर्फ पातळ असतो.

"व्हर्लिन! गाड्या इकडे आहेत!"

"चोराला विचारून घरी जाऊ होय मी!"

तो थांबेना. शेवटी डीना धावली. ती दंडाला धरून काय म्हणाली ते गेलेनला ऐकू आलं नाही, पण व्हर्लिन वळला. ती दोघं काठाकडे निघाली. गेलेन मासे घसरगाडीवर घेऊन लांबून मागे मागे चालला. आपण मित्राला वाचवलं की गमावलं, हे त्याला काही केल्या ठरवता येईना.

डीनानं आपल्या गाडीचं दार उघडलं. झाडीआडची गेलेनची पिकअप व्हर्लिनला दिसलीच नव्हती. तो पुढे बसला आणि मागे न बघता म्हणाला, "त्याला चालत येऊ दे गावापर्यंत. कळू दे जरा." मग काच थोडी खाली केली. "नाहीतर राहू दे. गुडघे दुखतात त्याचे. मागे बसव, माशांबरोबर."